सोमवारी जेवून निघा

माझ्यासमोर कुणी "तीन तासांवर तर आहे" असं म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुंबई ते दुबई. अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास, विमानानं तीन तास, वाऱ्याच्या मर्जीनं दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. हे मला कुणी शिकवायला नको. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं बसते आहे. कोलंबो अडीच तास, बँकॉक सव्वाचार, सिंगापूर साडेपाच, हाँगकाँग सहा. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. मी स्वतः मात्र आजवर विमानात पाऊल ठेवलेलं नाही. बदलापूरहून अंबरनाथ, तिथून शेअर रिक्षानं कॅम्प पाच आणि संध्याकाळी तेच उलट, एवढाच माझा परदेश.

ते वाक्य माझ्या धाकट्या भावाचं. बारा वर्षांपूर्वी तो दुबईला नोकरीवर निघाला तेव्हा आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं आणि तिला रडू फुटलं. तो दही चाटून म्हणाला, "अगं रडतेस काय? तीन तासांवर तर आहे. मनात आलं की येईन." त्याच्या मनात दोन-अडीच वर्षांतून एकदा यायचं. बाबा गेले तेव्हा त्या तीन तासांना चार दिवस लागले. रजा, पासपोर्ट कंपनीकडे, साहेब गावाला, कारणं सगळी खरी असतील. मी ती ऐकून घेतली. पण आईनं ते वाक्य देवघरात ठेवावं तसं जपून ठेवलं आणि बदलापूरच्या कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगीत येईल त्या प्रत्येकाला ऐकवलं.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक बाई आमच्याकडे रानभाज्या घेऊन येते. तिलाही आईनं सांगितलं, माझा मुलगा काही लांब नाही, तीन तासांवर आहे. ती टोपली खाली ठेवत म्हणाली, "मंग जवळच हाय की. आमच्या पाड्यावून सुनेला दवाखान्यात आणाया तेवढंच लागतं." आई हसली. मला हसू आलं नाही. एकीला तीन तास म्हणजे जवळ आणि दुसरीला तेच तीन तास म्हणजे जीव टांगणीला, आणि दोघी माझ्या दारात बसून एकमेकींना समजूत घालत होत्या.

तर माझ्या धंद्याबद्दल. लोकांना वाटतं तिकीट काढणं म्हणजे बटणं दाबणं. आमचे शेठ सिंधी, कपड्याच्या धंद्यातले लोक त्यांच्या ओळखीचे, तेच आमचं गिऱ्हाईक. बँकॉकला माल बघायला जाणारे, दुबईला दुकान असणारे. त्यांना सगळं ठाऊक असतं असं त्यांना वाटतं. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून जातानाच्या तिकिटावर दीड-पावणेदोन तासांत पोहोचल्यासारखं दिसतं आणि येतानाच्या तिकिटावर साडेचार. एक गिऱ्हाईक दर वेळी माझ्याशी भांडायचं की येताना मला स्लो विमान का देता. अशांना समजावण्यात माझे केस पांढरे झाले.

पण खरी चूक ती नव्हे. खरी चूक वाराची. मी नवीन होते तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यातले एक अधिकारी बायकोला घेऊन सिंगापूरला निघाले होते. तिकीट मीच काढलेलं. पंचवीस वर्षं नोकरी झाली म्हणून हौसेनं निघाले होते, घरच्यांनी हार घालून, ओवाळून पाठवलं. विमानतळावर दारावरच्या माणसानं तिकीट बघितलं आणि सांगितलं, तुमचं विमान काल रात्री गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं आमच्या ऑफिसात आले. साहेब ओरडत होते. बाई नवीन साडीत दाराबाहेरच उभ्या राहिल्या, आत आल्याच नाहीत. मला त्या ओरडण्यापेक्षा त्या बाईंचा राग आला, का कोण जाणे. आज वाटतं, त्या तेव्हा काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेठनी मला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "मॅडम, पहले पूछने का, रात कौनसी? टिकट बाद में."

गोष्ट साधी आहे. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो. सोमवारी रात्री जेवलो, गप्पा मारल्या, साडेबारा वाजले, तरी आपल्या लेखी सोमवारच असतो. विमानाचा वार बाराच्या ठोक्याला बदलतो. तिकिटावर 'मंगळवार, ००:२०' असं असेल तर घरातून निघायचं ते सोमवारी. आपला माणूस 'मंगळवारी रात्री बारा वीस' असं वाचतो आणि मंगळवारी दिवसभर आरामात बॅग भरतो. शिकलेले, न शिकलेले, सगळे. उलट शिकलेले जास्तच, कारण ते विचारत नाहीत.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. मध्यरात्रीनंतरचं तिकीट असलं की मी आधी विचारते, "रात्र कुठली?" आणि उत्तर काहीही येवो, पाकिटावर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहिते: सोमवारी जेवून निघा. किंवा गुरुवारी जेवून निघा. जो काय वार असेल तो. तारीख नाही, वेळ नाही, फक्त जेवण. जेवणाचा वार कुणी चुकत नाही. कॅम्प पाचमध्ये माझं नावच पडलं आहे. फोन येतो, "वो जेवून-निघा मॅडम हैं क्या?" गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या हातचं एकही गिऱ्हाईक वारामुळे राहिलेलं नाही. हे मी रोज रात्री जेवताना आईला ऐकवलं आहे, तिला पाठ आहे.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला, वहिनीला दिवस गेलेत. वहिनीला आई नाही, ती लहान असतानाच गेली. म्हणजे बाळंतपणाला कुणी हवं तर माझीच आई. भाऊ म्हणाला, "आई, तू ये ना. तीन तासांवर तर आहे." या वेळी तेच वाक्य उलट्या दिशेनं आलं.

आई एकाहत्तर वर्षांची. गुडघे दुखतात, साखर आहे, इंग्रजी येत नाही. विमान म्हटलं की ती विषय बदलायची. पहिले पंधरा दिवस ती नाहीच म्हणत होती. मग एका सकाळी तिनं कपाटातून जुन्या मऊ साड्या काढल्या आणि दुपटी शिवायला बसली, तेव्हा मला कळलं की बाई निघाल्या. भावानं सांगितलं होतं, विमानतळावर सरकते जिने असतात. तिला त्यांची भीती. मग तीन रविवार ती मला घेऊन स्टेशनवर गेली, सरकत्या जिन्यावर चढायची सवय करायला. पहिल्या रविवारी दहा मिनिटं पायथ्याशी उभी राहिली, लोक बाजूनं जात होते, एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "आजी, हाथ पकडो ना, घाबरू नका." दुसऱ्या रविवारी माझा दंड धरून चढली. तिसऱ्या रविवारी एकटी चढली आणि वर पोहोचल्यावर मागे वळून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली. एकाहत्तराव्या वर्षी माझी आई धीट झाली होती, आणि हा धीर किती पातळ आहे हे मला दिसत होतं. एक धक्का पुरेल, हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सामान भरायला महिनाभर आधी सुरुवात. अंगडी, टोपडी, वेखंड, बाळंतशेपा, ओवा, अळीव. डिंकाचे लाडू. लाडवांच्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ती खसखस भाजत होती. मी ओरडलेच, "दुबईला खसखस चालत नाही! बंदी आहे, पकडतात!" आमच्या ऑफिसात हे आम्ही सगळ्यांना सांगतो. तिनं कढई उतरवली, खसखस डब्यात परत भरली आणि लाडू खसखशीशिवाय वळले. बिल्डिंगीतल्या बायकांना सांगत होती, "आमच्या हिला सगळं माहीत असतं. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मी काही पुढे जात नाही."

तिकीट मीच काढणार हे मी गृहीत धरलं होतं. दोन आठवडे मी त्याच्यामागे होते. दिवसाचं विमान, म्हणजे तिला रात्रीचं जागरण नको. कडेची सीट, कारण तिला सारखं उठावं लागतं. व्हीलचेअर सांगून ठेवायची, म्हणजे कुणीतरी माणूस सोबत राहतो आणि इंग्रजीचा प्रश्न मिटतो. साखरेवाल्यांचं जेवण. शेठना म्हटलं, माझ्या आईचं तिकीट आहे. ते म्हणाले, "बेटी, तेरी माँ का टिकट तो मैं खुद देखूँगा."

आणि त्या शनिवारी भावाचा फोन. "ताई, आईचं तिकीट झालं. मीच काढलं ॲपवर, दोन मिनिटांत. तुला कशाला त्रास."

मी विचारलं, "मी बघत होते ना?"

"अगं आता एजंट-बिजंट कोण वापरतं? तुमचं ते ऑफिस म्हणजे पण ना. आईच्या मोबाईलवर पाठवलंय."

तो हसला. मस्करीतच बोलला असेल. पण माझी सव्वीस वर्षं त्यानं दोन मिनिटांत गुंडाळून ठेवली. घरात राहिले मी. बाबांची आजारपणं काढली मी. लग्नाचं वय गेलं ते याच घरात. आणि ज्या एका गोष्टीत माझा हात धरणारं कुणी नाही असं मी मानत होते, तीच त्यानं अशी उडवून लावली. मी म्हटलं, "छान. मग मला काही विचारू नका." आईच्या देखत म्हटलं. फोन ठेवला आणि त्याचा नंबर मोबाईलवर गप्प करून टाकला. त्याचा फोन आला तरी वाजणार नाही, असा.

पुढचे आठ दिवस मी घरात वावरले ते एखाद्या रुसलेल्या पाहुणीसारखी. आईनं खालच्या झेरॉक्सवाल्याकडून तिकिटाचा कागद काढून आणला, तो मी बघितला नाही. बघणारही नव्हते. ती एकदा म्हणाली, "मंगळवारी रात्री निघायचं आहे हं. बारा वीसचं आहे." मी "बरं" म्हटलं आणि मंगळवारची अर्धी रजा टाकली, गाडी सांगितली. तिनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी ताट उचलून मोरीत नेऊन आपटलं. तिनं मग भावालाच फोन करून विचारलं, "मंगळवारचंच ना रे?" तो म्हणाला, "हो गं आई, मंगळवार, बारा वीस. लिहिलंय ना तिकिटावर."

सोमवारी दुपारी त्यानं तिला मेसेज पाठवला, तयारी झाली का. तिनं बोट लावून लावून लिहिलं, सगळं तयार आहे. मग तो कामावर गेला. दुपारी दोन ते रात्री बारा त्याची ड्युटी, तिथे मोबाईल कुलपात. सोमवारी रात्री आम्ही दोघी नेहमीसारख्या जेवलो. पिठलं-भात. मी टीव्ही लावला, आई गुडघ्यांना तेल चोळत बसली. दहाला दिवे बंद झाले.

पहाटे साडेपाचला आई चहा ठेवायला उठली आणि तिनं मोबाईल चालू केला. लगेच तो वाजला. मी अंथरुणातच होते. भावाचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला, इतका तो ओरडत होता. "आई, तू घरी आहेस? घरी काय करतेस? मी दोन तास एअरपोर्टवर उभा आहे! सगळे बाहेर पडले!"

आई म्हणाली, "अरे, आज रात्री ना? मंगळवारी रात्री."

मी अंथरुणात उठून बसले. मला एका क्षणात सगळं कळलं. पंचवीस वर्षं ज्याची वाट अडवून धरली होती ते माझ्याच स्वयंपाकघरात उभं होतं.

"आई, शून्य शून्य वीस म्हणजे मध्यरात्र! मंगळवार सुरू होतानाची! एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

"चुकलंच रे माझं," आई म्हणाली. गॅसवर चहा उतू जात होता. "चुकलंच. तू तिथे उभा राहिलास, पाय दुखले असतील."

मी जाऊन तिच्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि बारा वर्षांचं सगळं त्याच्या अंगावर ओतलं. बाबांचे चार दिवस काढले. कोण एजंट वापरतं ते काढलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला मध्यरात्रीचं विमान काढतात का ते काढलं. "तीन तासांवर ना रे तू? मग ये आता तीन तासांत आणि ने तिला!" म्हटलं. तोही काही कमी नव्हता. म्हणाला, "तू तर हेच काम करतेस ना? तू होतीस ना घरात? एकदा कागद बघता आला नाही?" मी म्हटलं, "मला विचारलं होतंस का काढताना?" शेजारच्या खिडकीत दिवा लागला. आई मध्ये उभी राहून एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा मोबाईलकडे बघत होती, आणि तिच्या हातात चहाचं गाळणं होतं.

त्या भांडणात मी सगळं बोलले. एक वाक्य बोलले नाही.

फोन ठेवल्यावर माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. सोमवारच्या चौकोनात लाल शाईत, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: गॅस आला.

मी अंघोळसुद्धा न करता कॅम्प पाच गाठलं. शेठ आठला येतात, मी सातपासून शटरसमोर उभी. त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं विचारतील. त्यांनी विचारलं नाही, नुसतं कॉम्प्युटर चालू केला. बुधवारचं दुपारचं विमान मिळालं. कडेची सीट मिळाली. व्हीलचेअर, साखरेचं जेवण, सगळं झालं. पाकिटावर मी लाल पेनानं लिहिलं, 'बुधवारी सकाळचा चहा घेऊन निघा', आणि लिहिताना पेन नको तेवढं दाबलं गेलं, रागानं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

घरी आले तर आई बॅग उघडून बसली होती. दुपटी एका बाजूला, अंगडी दुसऱ्या बाजूला. मी पाकीट पुढे केलं. तिनं ते घेतलं, लाल अक्षरं वाचली, चांगलं लिहिलं आहेस अशा अर्थानं मान हलवली आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

"मी नाही जाणार."

मी म्हटलं, वेडी आहेस का. मी म्हटलं, वहिनीला कोण आहे. मी म्हटलं, एकदा चूक झाली म्हणून काय झालं, अख्खी दुनिया हीच चूक करते, मी तुला शंभर जणांची नावं सांगते.

"घरात बसून माझं एवढं चुकलं," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर आणखी काय काय चुकेल. नको बाई. बाळंतिणीला माझ्यामुळे ताप नको."

विमान सुटेपर्यंत मी ओरडून बघितलं, समजावून बघितलं. भावानं माफी मागून बघितलं, वहिनी फोनवर रडली. आई हसून सगळ्यांना एकच सांगायची, "योग नव्हता." योग! माझ्या डोक्यात तो शब्द जातो. योग नसतो, कुणीतरी माणूस असतो. पुढच्या रविवारी मी तिला म्हटलं, चल, स्टेशनवर जाऊन येऊ. ती आली, पण सरकत्या जिन्याच्या बाजूनं, कठडा धरून, साध्या पायऱ्यांनी चढली. गुडघे धरत, प्रत्येक पायरीवर थांबत. मी एकटी सरकत्या जिन्यानं वर गेले आणि तिची वाट बघत उभी राहिले.

बाळ पुढच्या आठवड्यात झालं. मुलगी. तिकडे पैसे देऊन एक मालिशवाली बाई ठेवली. आई रोज सकाळी मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची आणि पडद्यावरच्या बाळाला न्हाऊ घालताना बघायची. मधूनच हात हवेत वर करायची, "मान, मान धरा तिची." तिकडच्या बाईला मराठी येत नव्हतं. लाडू मी आमच्या एका सिंधी गिऱ्हाइकाबरोबर पाठवले. त्यानं डबा हातात घेऊन विचारलं, "मॅडम, खसखस नहीं है ना?" मी म्हटलं, नाही. लाडू तीन तासांत पोहोचले.

ऑफिसात मी पुन्हा रोज विचारू लागले, रात्र कुठली, रात्र कुठली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेठ माझ्याशी आधीपेक्षा हळू बोलू लागले, त्याचाही मला राग आला. भावाशी सहा महिने मी बोलले नाही. सगळ्यांना सांगत सुटले की त्यानं आईचं असं केलं. बिल्डिंगीत सांगितलं, रानभाज्यावालीला सांगितलं. ती म्हणाली, "आन् तू कुठं व्हतीस?" मी तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं.

आता ते न बोललेलं वाक्य. त्या आठ दिवसांत आई ज्या संध्याकाळी म्हणाली, "मंगळवारी रात्री बारा वीसचं आहे," त्या संध्याकाळी प्रश्न माझ्या तोंडात आला होता. पंचवीस वर्षांची सवय आहे, येणारच. रात्र कुठली? अगदी जिभेवर आला. आणि मी तो गिळला. मनात म्हटलं, बघेल की त्याचं ॲप. मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. आणि मग मी ताट आपटलं.

हे मी आईला सांगितलं परवा, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ बघून झाल्यावर. मोबाईल बंद झाला होता, पडदा काळा होता, आणि ती अजून त्याच्याकडे बघून हसत होती. मी म्हटलं, "मी विचारायला हवं होतं तुला. माझ्या तोंडात आलं होतं, आणि मी विचारलं नाही."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे गं. तीच तिची सवय.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. तो कागद मी रिमोटखाली ठेवला होता, आठ दिवस. ते शून्य शून्य मला कळत नव्हतं. म्हटलं, रिमोट उचलशील तेव्हा दिसेल तुला, लिहिशील काहीतरी. बाजूला लाल पेनही ठेवलं होतं."

मला ते पेन आठवलं. सोमवारी सिलिंडर आल्याचं कॅलेंडरवर लिहायला मी संध्याकाळी पेन शोधत होते, आणि ते टीव्हीजवळ समोरच सापडलं होतं.

"मग तोंडानं विचारायचंस ना!" मी ओरडलेच. अजूनही ओरडलेच. "मी काय परकी होते? दुबईला फोन करून त्याला विचारलंस, मी इथे तुझ्यासमोर बसलेली होते!"

आईनं मोबाईल उचलून पदरानं पुसला आणि उशाशी ठेवला.

"त्याला फोन लावता येतो गं," ती म्हणाली. "तू समोर बसलेली. तुला कसा लावू?"